माझ्या कोपऱ्याचं मीठ

आमच्या कोल्हापुरात कुणी कोकणात जाऊन आलं की दोनच गोष्टी विचारतात, मासे कुठले खाल्ले आणि येताना आणलं काय. मी फेब्रुवारीत उरणच्या बाजूला अकरा दिवस राहून आले. मासे पोटभर खाल्ले. आणलं मात्र एकच, चार हात लांबीचं, तांबूस डाग पडलेलं सुती कापड. आल्या दिवशीच नवऱ्याने ते परस्पर वॉशिंग मशीनमध्ये कोंबलं होतं. मी हातातला झारा टाकून धावले म्हणून वाचलं. त्याला तरी काय बोलणार? कुणालाही ते धुवायलाच टाकावंसं वाटेल.

त्या कापडावर माझी पीएचडी अडकलेली आहे, म्हणून ही हकीगत पहिल्यापासून सांगते.

मी चित्रकलेच्या कॉलेजात शिकवते. पाच वर्षांपूर्वी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, मला पीएचडी करायची हुक्की आली. त्यातही साधी नाही. चित्रकाराने स्वतःचं काम करायचं आणि ते करता करता जे कळतं तेच संशोधन म्हणून मांडायचं, अशी सोय आता विद्यापीठांत झाली आहे. माझा विषय मीठ. कापड ताणून मिठाच्या पाण्यात ठेवलं की पाणी आटताना स्फटिक आपले आपण आकार धरतात. त्यात माझा हात कुठे थांबतो आणि पदार्थ कुठून काम करायला लागतो, हे मला शोधायचं होतं. घरातल्या सगळ्या पराती मी त्यापायी खराब केल्या.

दर वर्षी तिघांच्या समितीपुढे काम दाखवावं लागतं. अध्यक्ष इतिहासाचे, बोलायला अतिशय गोड. "बाई, तुमची कला आम्हाला मनापासून आवडते," ते दर वर्षी म्हणत, "पण हे कौशल्य झालं. यात ज्ञान कुठे आहे?" गेल्या वर्षी मला राहवलं नाही. मी मुळातच तोंडाने फटकळ. म्हटलं, "सर, पोहता येणं हे कौशल्य की ज्ञान, ते पाण्यात पडल्यावर ठरवू." माझ्या मार्गदर्शकांनी टेबलाखालून माझा पाय दाबला, पण शब्द गेला तो गेला. निरोप आला की मार्चच्या बैठकीत समाधान झालं नाही तर नोंदणी रद्द. पाच वर्षं पाण्यात, तीही मिठाच्या.

तेव्हा रूपाली मदतीला धावली. ती माझी जुनी विद्यार्थिनी, उरणची, आता तिकडेच बंदरावरच्या एका कचेरीत नोकरी करते. फोनवर म्हणाली, "बाई, परातीत कसलं मीठ करताय? आमच्या आत्याचं मिठागर आहे. या की."

मोरा

भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला लाँच जाते. माझ्यासोबत कापड ताणलेल्या सहा लाकडी चौकटी होत्या, जाड दोरीने एकत्र बांधलेल्या. शेजारी कोळंबीची रिकामी टोपली घेऊन बसलेल्या बाईंनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "खिरक्या बसवाला चाललीस काय गो?" मी म्हटलं, हो, तसंच काहीसं. त्या म्हणाल्या, "काचा नाय लावल्या." काचांचं आमचं बोलणं मोरा येईपर्यंत चाललं.

रूपाली स्कूटर घेऊन आली होती. चौकटी मागच्या रिक्षात, मी तिच्या मागे. रस्त्याला कंटेनरच्या ट्रकांची रांग लागलेली, ड्रायव्हर खाली उतरून स्टोव्हवर चहा करत बसलेले. आणि रस्ता सोडून आत वळलं की एकदम सपाट. खाडीच्या काठाने मातीचे बुटके बांध, बांधांमध्ये पाण्याचे चौकोन, एकाला लागून एक, आणि मधूनमधून मिठाचे पांढरे ढीग. लांबवर बंदराच्या क्रेन उभ्या. आमच्याकडे उसाचं रान बघायची सवय, नजर दहा पावलांवर अडते. इथे ती अडायलाच तयार नव्हती. मला दोन मिनिटं भोवळल्यासारखं झालं.

बांधावर

हिराबाय म्हणजे रूपालीची आत्या. साठीच्या पुढची, काटक, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. तिने आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही, पायांकडे पाहिलं.

"चपला कार," ती म्हणाली. मी काढल्या.

"अंगाव लोखंड हाय काय?"

मला आधी कळेना. मग कळलं, खरंच लोखंड. माझ्या पदराची सेफ्टी पिन, केसांतले आकडे, गळ्यातल्या दोरीतली स्टुडिओची किल्ली, सगळं तिने एका प्लास्टिकच्या डब्यात काढून घेतलं आणि डबा बांधावर ठेवला. "मिटाला लोखंड चालत नाय," एवढंच म्हणाली.

मी मनात खूश झाले. आमच्याकडे बाळंतिणीच्या उशाशी अडकित्ता ठेवतात, लोखंडाने बाधा होत नाही म्हणून. इथे उलटं, मिठालाच लोखंडाची बाधा. प्रबंधात एक चांगला परिच्छेद होणार होता. संध्याकाळी वहीत मी एक पान आखलं, वर ठळक अक्षरात लिहिलं, "लोकसमज", आणि खाली पहिली नोंद केली, "मिठागरात लोखंड नेत नाहीत." हे पान पुढे येणार आहे, लक्षात ठेवा.

आत्याचे यजमान, दामादादा, कमी बोलणारे. भरतीचं पाणी आत घ्यायचं आणि एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवायचं काम त्यांचं. पाणी प्रत्येक वाफ्यात थोडं थोडं आटत, दाट होत, शेवटच्या वाफ्यात येतं आणि तिथे मीठ धरतं. मीठ ओढायला लांब दांड्याची लाकडी फळी होती. दांडा आणि फळीच्या सांध्यात बांबूची पाचर. मला ती इतकी आवडली की मी बसून तिचं चित्र काढलं. पाचर बांबूची का, हे विचारावंसं मात्र वाटलं नाही.

मी माझं काम सांगितलं. चौकटी पाण्यात आडव्या ठेवायच्या, कापडावर मीठ धरू द्यायचं, पाच दिवसांनी उचलायच्या. आत्याने विचारलं, "आन मंग त्याचं काय करनार?" मी म्हटलं, "लोकांना दाखवणार. मग मला पदवी मिळेल. कदाचित." तिने दामादादांकडे पाहिलं. ते म्हणाले, "कडंचा दे."

कडेचा म्हणजे तिवरांच्या झाडीला लागून असलेला शेवटचा वाफा. त्याची जमीन आत्याने दिवाळीनंतर महिनाभर पायांनी मळून केलेली होती. खालची माती घट्ट बसली नाही तर पाणी जिरतं आणि मिठात चिखल येतो, हे तिने मला तिथे उभं करून समजावलं. "मीट दर्या देतं. आपलं काम जमीन करायचं," म्हणाली. "येक वाफा तुजा. बिगरवू नको."

मी म्हटलं, नाही बिघडवणार. अगदी मनापासून म्हटलं.

जेवणाखाण्याचं

चौकटी वाफ्यात ठेवल्यावर मधले तीन दिवस मी नुसती बघत होते आणि जेवत होते. पहाटे आत्या तांदळाच्या भाकऱ्या थापायची, पांढऱ्याशुभ्र, मऊ. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या माझ्या दातांना काम नसल्यासारखं वाटायचं. सोबत सुकट, नाहीतर वालाचं बिरडं. एका दुपारी निवट्या होत्या. खाडीच्या चिखलात उड्या मारणारे ते मासे सकाळीच मी डोळे विस्फारून पाहत बसले होते, त्यामुळे पहिला घास जड गेला. दुसरा गेला नाही. आमच्या तांबड्या रश्शाचं तिखट लगेच घशावर येतं, या कालवणाचं मागून येतं.

आमच्याकडे मीठ हातावर देत नाहीत, भांडण होतं म्हणतात. वाटी खाली ठेवायची, दुसऱ्याने उचलून घ्यायची. मी हे सांगितल्यावर आत्याने मुद्दाम मूठभर मीठ माझ्या तळहातावर ठेवलं. "तसा आसता तर आमचा आख्ख्या तालुक्याशी भांडन झाला आसता," ती म्हणाली आणि दामादादा पहिल्यांदा हसले. खडे अजून ओलसर आणि कोमट होते. मी इतकी सुखात होते की रोज संध्याकाळी वहीत पान पान लिहीत होते.

पाचवा दिवस

सकाळी मी सगळ्यांच्या आधी वाफ्यावर गेले. पाण्यावर सायीसारखा पातळ थर धरला होता, कापडांवर बारीक खडे चमकत होते. इतकं सुंदर की मी उकिडवी बसून नुसती बघत राहिले. आणि मग दिसलं. प्रत्येक चौकटीच्या कडेने तांबूस वर्तुळं उमटली होती. काही एकमेकांत मिसळली होती. काही कापड सोडून बाहेर, वाफ्याच्या तळापर्यंत उतरली होती.

कापड चौकटीवर ताणायला मी बारीक खिळे मारते. प्रत्येक चौकटीला चाळीसेक. गेली पंचवीस वर्षं मारते आहे, मला ते दिसतसुद्धा नाहीत.

आत्या आली. तशीच पाण्यात उतरली, एक चौकट उचलली, उलटी केली आणि खिळ्यांच्या रांगेवरून बोट फिरवलं. बोट लाल झालं. ते तिने लुगड्याला पुसलं.

"मी तुना पयल्याच दिसाला सांगलेला," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मना वाटलं, शिकलेली बाय हाय, समाजली आसल."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागायला तोंड उघडलं आणि रडूच आलं. बांधावर बसून मी लहान पोरीसारखी रडले. सेफ्टी पिन काढून दिली होती मी, आकडे काढले होते, किल्ली काढली होती. पण ते सगळं देवळाबाहेर चप्पल काढावी तसं, यजमानांचं मन राखायला. तिने सांगितलं ते खरं असेल, गंजाची आणि मिठाची ती साधी गोष्ट असेल, हे माझ्या डोक्यातच शिरलं नाही. कारण मी ते ऐकता ऐकताच त्याला एका कप्प्यात टाकून दिलं होतं. कप्प्यावर नावही घातलं होतं, ठळक अक्षरात.

दामादादांनी वाफ्याला फेरी मारली. "लाल मीट कोन घेत नाय," ते म्हणाले. "पानी सोराय लागल. तल खरवरून परत मलाय लागल." मग माझ्याकडे बघून, "आमी करू. तू कशाला रडतंस?"

मला सातव्या दिवशी निघायचं होतं, तिकीट काढलेलं होतं. मी कॉलेजात फोन करून रजा वाढवली आणि आत्याला म्हटलं, "मला मळायला शिकवा. मी केलेलं मीच निस्तरते." ती म्हणाली, "तुज्याच्यानं व्हनार नाय." मी म्हटलं, "तरी."

पायाखाली

मळायचं म्हणजे चालायचं नाही. दोन्ही हात पाठीमागे धरायचे, आडवं सरकायचं, आणि ओल्या मातीत टाच दाबून बसवायची. मग तिच्या अर्ध्यावर दुसरी. कौलं एकावर एक चढवतात तशी टाचांची रांग. वाफ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग मागे. दिवसभर सुकू द्यायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मी आयुष्यभर विद्यार्थ्यांच्या तोंडावर मारली. इथे अंगणच पायाने करायचं होतं, आणि ते वाकडं होत होतं माझ्यामुळेच.

पहिल्या दिवशी माझ्या पोटऱ्यांनी जीव घेतला. त्याहून वाईट म्हणजे आत्या माझ्या मागून यायची आणि मी मळलेली रांग न बोलता पुन्हा मळायची. मी वळून बघितलं की क्षितिजाकडे बघायची. शेवटी मी चिडून विचारलं, "काय चुकतंय ते सांगा तरी."

ती थांबली. डोळे मिटले आणि एक पाऊल बाजूला टाकलं. "हिते पोकल हाय."

"कशावरून?"

"टाच सांगते."

मी तिथे टाच ठेवली. माझी टाच मुकी. मी पुन्हा ठेवली, दाबली, आपटली. ती म्हणाली, "आपटू नको, आयक." तिच्या सासूने तिला असंच शिकवलं होतं. लग्न होऊन आली तेव्हा पहिली दोन वर्षं तिला कुठल्याच वाफ्यात एकटीला मळू दिलं नव्हतं. सासू मागून यायची, न बोलता. "मना बी राग याचा," ती म्हणाली, आणि ते ऐकून माझा राग गेला.

चौथ्या दिवशी दुपारी मला एकदा, फक्त एकदाच, कळलं. टाच टेकली आणि खालून काहीतरी सैल, दमट उत्तर आल्यासारखं वाटलं. मी ओरडलेच, "आत्या, इथे!" ती आली, तिने टाच ठेवली आणि मान हलवली. पदवीच्या वेळी सुवर्णपदक मिळालं होतं, तेव्हा मला इतका आनंद झाला नव्हता. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे.

त्या संध्याकाळी वाफा पुरा झाला. तिवरांकडचा एक कोपरा, दोन खाटांएवढा, मी एकटीने मळला होता. तो तपासायला आत्या निघाली आणि मधेच थांबली. "यो ऱ्हाऊ दे," म्हणाली. "ह्याव मी पाय ठेवत नाय."

"का? चुकला असेल तर?"

"चुकला आसल तर मीट सांगल. तुना बगाय पायजे ना?"

निघताना मी विचारलं, "प्रबंधात तुमच्याबद्दल काय लिहू?" प्लास्टिकच्या डब्यातून माझी पिन, आकडे, किल्ली मी परत घेत होते. तिने डब्याचं झाकण लावलं. "लिव काय लिवायचं ते. फकस्त लोखंडाचं नीट लिव."

कोल्हापूर

बैठकीच्या आदल्या दिवशी रूपालीने कुरिअरने दोन पुड्या पाठवल्या. एकीवर तिच्या अक्षरात "आत्या", दुसरीवर "बाई". आत्याच्या पुडीतलं मीठ पांढरं, माझ्या कोपऱ्यातलं करडं, चिखलाळलेलं. एकच पाणी, एकच ऊन, एकच वाफा. मला आधी वाईट वाटलं. मग मी खुर्चीत बसले आणि बराच वेळ त्या दोन पुड्यांकडे बघत राहिले. सगळी रात्र खपून तयार केलेलं भाषण मी फाडून टाकलं.

समितीपुढे मी चौकटीवरून उतरवलेलं ते डागाळलेलं कापड पसरलं, शेजारी दोन पुड्या उघडून ठेवल्या आणि वही काढली. "लोकसमज" असं लिहिलेलं पान वाचून दाखवलं. मग पाचव्या दिवशी काय झालं ते सांगितलं, खिळ्यांसकट, रडण्यासकट, आणि पुढे वाफा मळण्याचं, आत्याच्या टाचेचं, माझ्या कोपऱ्याचंही.

"सर," मी म्हटलं, "इतकी वर्षं तुम्ही माझ्या कामाला जे करताय आणि ज्याचा मला राग येतो, तेच मी हिराबायच्या कामाला पहिल्याच संध्याकाळी केलं. तेही तुमच्यासारखंच, अगदी आदराने."

मार्गदर्शकांनी या वेळी पाय दाबला नाही. मग अध्यक्षांनी पुढे वाकून दोन्ही पुड्यांतला एकेक खडा बोटांत धरला. "पण ही तर फक्त सवय झाली, बाई. त्यांच्या पायाची सवय."

"नुसती सवय असती तर त्यांना नेमकी पोकळ जागा सांगता आली नसती," मी म्हटलं. "आणि ते ज्ञान नसतं, तर दोन्ही पुड्या सारख्या निघाल्या असत्या."

"मग तुमच्या कोपऱ्यातलं असं का?"

"कारण मला अजून येत नाही."

एवढं सरळ उत्तर मी त्या खोलीत आधी कधी दिलं नव्हतं. त्यांनी मला बाहेर बसवलं, अर्ध्या तासाने आत बोलावलं. नोंदणी रद्द केली नाही. एक वर्ष वाढवून दिलं, अट अशी की पुढचा हंगाम मिठागरात पुरा काढायचा आणि पद्धतीचं प्रकरण पहिल्या ओळीपासून नव्याने लिहायचं. पांढरी पुडी अध्यक्षांनी कागदपत्रांसोबत ठेवून घेतली. करडी मला परत दिली.

बाहेर आल्यावर मी आत्याला फोन केला. "पास झालीस?" तिने विचारलं. मी म्हटलं, "नाही, नापासही नाही. अजून एक वर्ष." ती म्हणाली, "मना दोन लागली." आणि दामादादांना ओरडून सांगायला गेली.

संध्याकाळी घरी आमटी केली. मिठाचा डबा उघडला, मग बंद केला, आणि पिशवीतून ती पुडी काढून त्यातलं मीठ घातलं. जेवायला बसलो. दुसऱ्याच घासाला नवरा थांबला, जीभ दातांवरून फिरवली.

"आमटीत काय कचकचतंय गं?"

"माझा कोपरा," मी म्हटलं, आणि भात कालवून वाटी पुरी संपवली.